संत एडमंडच्या रानातील फुले

काही वर्षांपूर्वी पुनरुत्थान सणाच्या काळात इंग्लंडमधील एका धर्मग्रामात मदतीस जाण्याचा योग आम्हांस आला. देशाच्या पूर्वेकडील सफक परगण्यातला तो लहानसा धर्मग्राम. सणाची धांदल ओसरल्यावर तेथील एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी विचारले, "फादर, आमच्याकडची फुले पाहिलीत का?" एखाद्या बागेला जायचे असेल, अशा समजुतीने आम्ही चांगला झगा चढवून तयार झालो. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि गाडीतून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढून हाती ठेवले. जिथे नेले ते चिखलाचे रान होते. त्याचे नाव ब्रॅडफिल्ड वुड्स. बरी सेंट एडमंड्स या जुन्या गावापासून ते सुमारे सात मैलांवर आहे. आज हे रान राष्ट्रीय दर्जाचे राखीव क्षेत्र असून 'सफक वाइल्डलाइफ ट्रस्ट' ही संस्था त्याची निगा राखते. एप्रिल-मे महिन्यांत तेथील फुले पाहण्यासाठी लोक दुरून येतात.

फुले आम्ही पाहिली आणि त्यांच्याविषयी पुढे सांगूच. परंतु हा लेख लिहावासा वाटला तो दुसऱ्याच कारणाने. हे रान सुमारे पाच शतके एका मठाचे होते. तो मठ इंग्लंडमधील सर्वांत बलाढ्य मठांपैकी एक. आज त्याच्या जागी मोडक्या भिंती आणि नगरपालिकेची बाग आहे. ज्या रानातून त्याच्या चुलीला जळण जात असे, ते रान मात्र उभे आहे, फुलते आहे. दगडी वास्तू पडावी आणि झाडोरा टिकावा, हे कसे घडले?

कथेचा प्रारंभ एका राजापासून होतो. इ. स. ८६९ मध्ये डेन लोकांनी पूर्व इंग्लंडवर स्वारी केली आणि तेथील तरुण राजा एडमंड यास ठार मारले. त्याने ख्रिस्तावरील श्रद्धा सोडण्यास नकार दिला. तेव्हा त्याला झाडास बांधून बाणांनी विंधले व मग शिरच्छेद केला, असे परंपरा सांगते. या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी फ्लरी मठातील अब्बो नावाच्या विद्वान संन्याशाने ही हकीकत लिहून काढली. तिच्यातील एक प्रसंग सफकमधील मुलांना आजही ठाऊक असतो. मारेकऱ्यांनी राजाचे शिर काटेरी झुडपांत फेकून दिले होते. प्रजा हाका मारत रानोमाळ शोधत फिरली, तेव्हा "येथे, येथे, येथे" असा प्रतिसाद आला. जाऊन पाहतात तो एक लांडगा ते मस्तक आपल्या पंजांमध्ये धरून राखण करीत बसलेला. इतिहास म्हणून या लांडग्याची ग्वाही आम्ही देणार नाही. तरी इंग्लंडच्या या संताची आठवण अगदी आरंभापासून रानाशी जोडलेली आहे, एवढे त्यातून दिसते.

१०२० साली राजा कॅन्यूट याने संताच्या समाधीस्थळी बेनेडिक्टाईन संन्याशांचा मठ स्थापन केला. कॅन्यूट स्वतः डेन होता. ज्या लोकांनी संताला मारले त्यांच्याच वंशातील राजाने त्याच्या समाधीचा सन्मान केला. यात्रेकरूंची रीघ लागली. मठाला गावेच्या गावे इनाम मिळाली, आणि पुढे सुमारे पाचशे फूट लांबीचे महामंदिर उभे राहिले. एवढ्या मोठ्या संसाराला लाकूड किती लागत असेल, याचा वाचकांनी विचार करून पाहावा. भटारखाना, मद्याची भट्टी, आजाऱ्यांच्या खोलीतील शेगडी, छपरांच्या तुळया, गाड्यांची चाके, कुंपणे, शिड्या, पिंपे: सर्व काही रानातून यायचे. आणि इंग्लंडमध्ये रान मुबलक होते ही आपली समजूत चुकीची आहे. १०८६ साली झालेल्या 'डूम्सडे' या राज्यव्यापी पाहणीवरून अभ्यासकांनी असा हिशेब मांडला आहे की, त्या वेळी देशाचा सुमारे पंधरा टक्के भूभागच वृक्षाच्छादित होता. म्हणजे एकेका ओक वृक्षाची किंमत होती, आणि त्यावरून भांडणेही होती.

अशा एका भांडणाचा किस्सा मठातील जोसेलिन नावाच्या संन्याशाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवला आहे. तो सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ११८२ साली सॅमसन हा मठाधिपती झाला. करडा, हिशेबी आणि काटकसरी माणूस. शेजारच्या ईली धर्मप्रांताचे बिशप जेफ्री रिडेल यांना मोठे बांधकाम काढायचे होते. त्यांनी मठाच्या रानातील ओक मागितले. नाही म्हणणे अवघड, म्हणून सॅमसनने नाखुशीने होकार दिला. काही दिवसांनी बिशपांचा कारकून आला आणि "एल्म्सवेलच्या रानातून लाकूड न्यावे म्हणतो," असे बोलून गेला. त्याला म्हणायचे होते एल्मसेट. एल्म्सवेलमध्ये कामाचे लाकूडच नव्हते! सॅमसनला नवल वाटले. इतक्यात त्याच्या रानरक्षकाने कानावर घातले की, बिशपांचे सुतार गेल्याच आठवड्यात गुपचूप एल्मसेटला येऊन उत्तमोत्तम झाडांवर खुणा करून गेले आहेत. सॅमसनने कारकुनाला शांतपणे सांगितले, "खुशाल न्या, एल्म्सवेलमधून." दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा ऐकून तो आपले सुतार घेऊन थेट एल्मसेटला पोहोचला. बिशपांच्या खुणा असलेले सगळे ओक आणि त्यांखेरीज आणखी शंभराहून अधिक झाडे यांवर त्याने संत एडमंडची खूण घालायला लावली आणि ती त्वरित तोडण्याचा हुकूम दिला. बिशपांकडून दुरुस्त निरोप घेऊन कारकून परत आला तेव्हा फार उशीर झाला होता.

धर्माच्या दोन अधिकाऱ्यांनी असे वागावे काय, असे कोणी विचारील. आम्हांला तर यात मठाच्या स्वभावाची खरी ओळख पटते. त्या लोकांना रान पवित्र वाटत असेल-नसेल. ते त्यांना एकेका झाडासह ठाऊक होते. याच सॅमसनने हरणांसाठी राखीव उपवने करविली आणि शिकारी कुत्री बाळगली. मोठे पाहुणे आले म्हणजे तो आपल्या संन्याशांसह रानातील मोकळ्या जागी बसून कुत्र्यांची धाव पाहत असे. मात्र हरणाचे मांस खाताना आपण त्याला कधी पाहिले नाही, असे जोसेलिन आवर्जून नमूद करतो.

ब्रॅडफिल्डच्या रानाचा एक भाग 'मंक्स पार्क', म्हणजे संन्याशांचे उपवन, या नावाने ओळखला जातो, तो अशाच हरणांच्या उपवनाची आठवण देतो. दुसरा भाग 'फेलशॅम हॉल वुड'. या रानात १२५२ सालापासून एका विशिष्ट पद्धतीने तोडणी होत आल्याचे दाखले आहेत, आणि सर्व गुपित त्या पद्धतीतच आहे.

ती पद्धत अशी. हेझल, अ‍ॅश, आल्डर ही झाडे हिवाळ्यात जमिनीलगत तोडायची, पण मुळे व बुंधा राखायचा. वसंतात त्या बुंध्याला चोहोबाजूंनी धुमारे फुटतात. अ‍ॅशचे धुमारे पहिल्याच उन्हाळ्यात माणसाच्या उंचीला पोहोचतात. आठ-दहा वर्षांनी, काही ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांनी, त्यांच्या सरळ काठ्या झाल्या की पुन्हा तोड. सगळे रान एकदम तोडायचे नाही. त्याचे तुकडे पाडून दरवर्षी पाळीपाळीने एकेक तुकडा घ्यायचा. मध्ये मध्ये ओक मात्र इमारती लाकडासाठी वाढू द्यायचे. इंग्रजीत या पद्धतीला 'कॉपिस' म्हणतात. हा शब्द 'तोडणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूवरून आला. वाचकहो, आपल्या पालघर-जव्हारकडील आदिवासी बांधवांच्या तोंडी जंगलखात्याचा 'कूप' हा शब्द असतो. "यंदा कूप अमक्या डोंगरावर आहे," असे ते म्हणतात. तो शब्दही त्याच फ्रेंच धातूचा वंशज. गोऱ्या साहेबाबरोबर तो आपल्या डोंगरांत आला आणि इतका रुळला की परका वाटेनासा झाला.

या काठ्यांचा उपयोग ऐकूनही आम्हांस आपली घरे आठवली. हेझलच्या काठ्या चिरून, विणून, त्यावर माती व शेण लिंपून इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या भिंती होत. आपण कारवीचा कूड घालतो तोच प्रकार. फांद्यांच्या मोळ्या भटारखान्यात जात. अ‍ॅशच्या काठ्यांपासून गवत ओढण्याचे लाकडी दंताळे आणि विळ्यांचे दांडे बनत. जवळच्या लिटल व्हेलनेथम गावातील दंताळ्यांचा कारखाना विसाव्या शतकातही याच रानाची अ‍ॅश वापरीत होता.

आता फुलांकडे येऊ. रानाच्या आत पाऊल टाकताच प्रथम वास आला तो लसणीचा. ओढ्याकाठी रानलसणीची रुंद पाने पसरली होती. पुढे पांढऱ्या चांदण्यांसारखे अ‍ॅनिमोनीचे ताटवे, मग निळ्या ब्लूबेलची सुरुवात. आमचे यजमान कशापुढेच थांबेनात. शेवटी एका उजाड वाटणाऱ्या, दोन हिवाळ्यांपूर्वी तोडलेल्या तुकड्याच्या कडेला येऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, "ही आमची." जमिनीवर फिकट पिवळ्या फुलांचे झुबकेच झुबके. एकेका देठावर पुष्कळ फुले, सगळी एकाच बाजूला मान झुकवून. ही ऑक्सलिप.

इंग्लंडमध्ये हे फूल फक्त सफक, एसेक्स व केंब्रिजशायर यांच्या सीमा जिथे भिडतात त्या भागातील जुन्या चिकणमातीच्या रानांतच खऱ्या अर्थाने मुबलक आहे. गंमत अशी की, शेकडो वर्षे कोणी त्याला वेगळे फूल मानलेच नाही. प्रिमरोज आणि काऊस्लिप या दोन परिचित फुलांच्या संकरातून तसेच दिसणारे एक फूल निपजते. हेही तेच असणार, अशी विद्वानांची समजूत होती. १८४२ साली एपिंगच्या हेन्री डबलडे यांनी एसेक्समधील ग्रेट बार्डफिल्ड येथील नमुन्यांवरून ही स्वतंत्र जात असल्याचे दाखविले, आणि पुढे चार्ल्स डार्विन यांनीही प्रयोग करून तेच सांगितले. गुराख्यांना हा वाद ठाऊक नव्हता. गाय-बैलांच्या शेणाच्या पोवाजवळ उगवणारे ते काऊस्लिप व ऑक्सलिप, असा या नावांचा उगम आहे. एवढ्या नाजूक फुलाला असे नाव देणाऱ्या शेतकऱ्याविषयी आम्हांस आपुलकी वाटली.

"तोडलेल्या जागीच ही इतकी का?" आम्ही विचारले. यजमानांनी वर बोट दाखविले. डोक्यावर फांद्या नव्हत्या, आकाश होते. तोड झाली की जमिनीला अनेक वर्षांनी प्रथमच ऊन लागते. सावलीत तग धरून राहिलेली रोपे पहिल्या वर्षी पाने जमवितात. दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात फुलांचा महापूर येतो. मग धुमारे वाढून सावली दाटते, फुले कमी होतात आणि रोपे पुढच्या तोडीची वाट पाहत बसतात. तोपर्यंत शेजारच्या तुकड्यात ऊन आलेले असते. ही फुले लवकर पसरणारी नव्हेत. त्यांचे बी लांब जात नाही. अ‍ॅनिमोनीचे कंद तर वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पुढे सरकतात. म्हणून जिथे ती एकत्र व दाट आढळतात तिथे रान शतकानुशतके मोडलेले नाही, असे अभ्यासक ताडतात. कुऱ्हाड वर्षानुवर्षे चालू राहिली म्हणून फुले राहिली, हे आम्हांस त्या चिखलात उभे राहून मान्य करावे लागले. मनुष्याचा हात न लागलेले ते खरे रान, असे आम्ही प्रवचनातूनही कधीतरी बोललो असू.

मठाच्या संन्याशांनी फुलांसाठी हे केले नाही. आमच्या वाचनात तरी त्यांच्या हिशेबांत मोळ्या आहेत, ओक आहेत, फुले नाहीत. ते दयाळू जमीनदार होते असेही म्हणवत नाही. १३२७ साली बरीच्या नागरिकांनी मठाच्या जाचक हक्कांविरुद्ध बंड करून मठ लुटला. रानाजवळच्या एका गावाचे नाव ब्रॅडफिल्ड कंबस्ट, म्हणजे 'जळालेले ब्रॅडफिल्ड'. त्या बंडात मठाचा वाडा तेथे जाळला गेला म्हणून हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. १३८१ च्या शेतकरी उठावात मठाचा उपाधिपती जॉन ऑफ केंब्रिज याचे शिर लोकांनी कापले. आपल्या धर्मसभेच्या इतिहासातील ही पाने उलटून टाकता येत नाहीत.

शेवट आला तो राजाकडून. आठव्या हेन्रीने देशभरातील मठ बरखास्त केले. ४ नोव्हेंबर १५३९ रोजी बरीचा मठ राजाच्या स्वाधीन झाला. शेवटचे मठाधिपती जॉन रीव्ह काही महिन्यांतच वारले. संताची समाधी उद्ध्वस्त झाली होतीच. आता छपराचे शिसे उतरविले, घडीव दगड गावकऱ्यांनी घरांसाठी नेले. महामंदिराच्या पश्चिमेकडील भिंतीच्या गाभ्यात पुढे लोकांनी बिऱ्हाडे थाटली, ती आजही दिसतात. घडीव दगड एकदा नेला की तो गेलाच. रानातले लाकूड मात्र नेले तरी पुन्हा फुटत होते. नव्या मालकांना संत एडमंडशी कर्तव्य नव्हते, पण जळण त्यांनाही हवे होते. म्हणून संन्याशांची पाळी मोडली नाही. हेन्रीच्या माणसांनी मठाचे सगळे मोजले आणि विकले. हिवाळ्यात कोयता घेऊन रानात जाण्याची सवय मात्र तिथल्या माणसांच्या हाती राहिली. इशायाच्या बुंध्यातून फुटलेल्या अंकुराचे यशया संदेष्ट्याने रंगविलेले चित्र आम्ही आगमनकाळात दरवर्षी वाचतो. तोडलेला बुंधा म्हणजे काय, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

रानाला खरा धोका चारशे वर्षांनी आला, तोही कुऱ्हाडीकडून नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा, वीज, तेल आले. मोळी कोणाला हवी? धान्य मात्र हवे होते. यंत्रांनी बुंधे मुळासकट उपटून शेते करण्याची लाट आली, आणि सरकारी धोरण तिला अनुकूल होते. इंग्लंडमधील रानांचे सर्वश्रेष्ठ इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांच्या मते, १९४५ नंतरच्या तीस वर्षांत देशातील प्राचीन रानांपैकी जवळजवळ निम्मी नष्ट झाली किंवा सूचिपर्णी झाडे लावून बिघडली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंक्स पार्कचाही मोठा भाग उपटला गेला. सात शतकांचा ठेवा काही हंगामांत नांगराखाली गेला. आमच्या यजमानांनी ते यंत्र चाललेले स्वतः पाहिले होते. त्याविषयी ते अधिक बोलले नाहीत, फक्त कुंपणापलीकडचे हिरवे गव्हाचे शेत हाताने दाखविले.

उरलेला भाग वाचला तो आसपासच्या गावकऱ्यांनी हरकत घेतल्यामुळे. झाडे तोडू नयेत असा हुकूम मिळविण्यात आला आणि १९७० साली निसर्ग-राखीव क्षेत्रांसाठी झटणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने ते रान विकत घेतले. या रानाचे महत्त्व जगाला सांगण्यात रॅकहॅम यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाचे हे अध्यापक मठांची दप्तरे आणि झाडांचे बुंधे सारख्याच निष्ठेने वाचीत. २०१५ साली त्यांचे निधन झाले. एखाद्या लॅटिन नोंदीत रानाचे नाव व एकर सापडले की ते बूट चढवून तिथे जात आणि बांध मोजून पाहत. ब्रॅडफिल्डच्या कडेनेही असा मातीचा जुना बांध व चर आहे. गुरे आत शिरून कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून मध्ययुगातील लोक रानाभोवती असे बांध घालीत. आम्ही त्यावर चढून उभे राहिलो, तेव्हा पाय घसरून पडता पडता वाचलो, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

आज पहारा उलट दिशेने आहे. मठाने हरणे आत राहावीत म्हणून कुंपण घातले. आता ती आत येऊ नयेत म्हणून घालावे लागते. सर्व पूर्व इंग्लंडात हरणे अतोनात वाढली आहेत. त्यांना ऑक्सलिपची फुले विशेष आवडतात, आणि धुमारे तर ती वाढूच देत नाहीत. ताज्या तोडलेल्या बुंध्यांवर काटक्यांचे ढीग रचलेले आम्ही पाहिले, ते याचसाठी.

परतताना यजमानांनी मुद्दाम वाट वाकडी करून आम्हांला अ‍ॅशचा एक बुंधा दाखविला. बुंधा म्हणण्याऐवजी ते एक कडे होते, सुमारे अठरा फूट रुंद. मधला भाग कधीच कुजून गेलेला आणि कडेकडेने धुमाऱ्यांचे रिंगण. सरळ वाढू दिलेली अ‍ॅश साधारण दोनशे वर्षे जगते. हिचे वय हजार वर्षे तरी असावे, असा अंदाज आहे. मठ स्थापन झाला तेव्हा हे झाड कोवळे असेल. २०१२ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅश मारणारी एक बुरशी आढळली आणि तेव्हापासून देशभर ही झाडे वाळत चालली आहेत. या बुंध्याचे काय होणार, असे आम्ही विचारले. ते वाकून एका धुमाऱ्याच्या टोकावरील काळी कळी नखाने तपासू लागले. अ‍ॅशला पालवी सगळ्यांत शेवटी येते, अजून पंधरा दिवस थांबावे लागेल, एवढेच म्हणाले.

तोडीच्या जागी पडलेल्या हेझलच्या काठ्यांपैकी चार त्यांनी गाडीत टाकल्या. धर्मगुरूंच्या घरामागे वाटाण्याचे वेल होते. संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी आम्ही दोघांनी त्या काठ्या तिथे रोवल्या.